डावा पट्टा दोन बोटं आखूड

मास्तर शाळेतले नव्हते. शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून मास्तर. एरवी त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं असेल तर ते मेहुणीला जाड पट्टा मशीनवर कसा शिवायचा एवढंच, आणि तेही घसा सुकेपर्यंत ओरडून. अंगाने बुटके, पोट किंचित पुढे, गळ्यात कायम मापाची टेप. टेप नसली की त्यांना चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटे. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की बायको दारात उभी राहून ती काढून घेई आणि म्हणे, "नवऱ्यामुलाचं माप घ्यायला नाही चाललो आपण."

बायकोचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. लहानपणी झाडावरून पडली, हाड मोडलं, आणि ज्याने कुणी ते बसवलं त्याने आपल्या सोयीने बसवलं. तेव्हापासून ती प्रत्येक कपड्यात डाव्या बाजूला कापसाची एक छोटी गादी शिवून घेई. शेजारपाजार सोडाच, सासूलाही मरेपर्यंत पत्ता नव्हता. लेक झाली तेव्हा त्या खांद्याने बाळ पेलवेना. मास्तरांनी तिला खिडकीपाशी उभं केलं, पुठ्ठा कापला, आणि तिच्या अंगावर बेतून बाळ छातीशी बांधायची एक झोळी शिवली. बाजारात त्याला बेबी कॅरियर म्हणतात. मास्तर झोळीच म्हणायचे. त्यावरून धाकटी, म्हणजे मेहुणी, त्यांना चिडवायची, "भाऊजी, शेवटी झोळीच शिवलीत ना! आता ती घेऊन दारोदार हिंडायचं तेवढं बाकी आहे." तेव्हा सगळे हसायचे. हसण्यासारखे दिवस होते.

झोळी खरोखर चांगली होती. बाळाची मान धरून ठेवणारी, पाठीला रग न लावणारी, धुतली तरी आकार न सोडणारी. ज्या बाईने घेतली तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने मैत्रिणीला. मास्तरांनी पॅन्ट-शर्ट सोडले आणि एका चष्म्याच्या दुकानावरची लांबट खोली घेतली. जिना इतका अरुंद की कापडाचा तागा उभा धरून चढवावा लागे. खिडकीला लागून कापायचं टेबल, भिंतीकडे तीन मशीनं. त्यातलं एक जाड कामाचं. चार पदरी पट्टा त्याच्याखाली लोण्यासारखा जाई, म्हणून धाकटीने त्याचं नाव 'पैलवान' ठेवलेलं. बायको कापे, धाकटी शिवे, मास्तर पट्टे लावत आणि प्रत्येक झोळी स्वतः ओढून, लोंबकळून तपासत. पोट पुढे असलेला माणूस बाळाच्या झोळीला लोंबकळतोय हे दृश्य बघायला खालचा चष्मेवाला मुद्दाम वर येई.

मग कंपनी आली. खरं तर कंपनी आधीच सगळीकडे होती, मास्तरच उशिरा तिच्या दारात गेले. धाकटीने मोबाइलवर कंपनीच्या बाजारात दुकान उघडलं आणि महिन्याभरात दूरदूरच्या गावांहून मागण्या यायला लागल्या. मास्तर हरखले. जवळच्या पेठेतल्या दुकानांना माल देणं त्यांनी हळूहळू बंद केलं, कारण तिथे येणारी गिऱ्हाइकंही आता मोबाइलवरच घेत होती. इथेच माणूस फसतो, आणि त्याला फसलो असं वाटतसुद्धा नाही. बाजार कंपनीचा. बाजाराकडे येणारा रस्ता कंपनीचा. आत आलेल्या गिऱ्हाइकाला आधी कोणतं दुकान दाखवायचं हे ठरवणारीही कंपनीच. कोणत्या बाईने कोणता रंग घेतला, कुणी परत पाठवला, का पाठवला, ही मास्तरांच्या दुकानातली माहिती मास्तरांना तुकड्यातुकड्याने कळे, कंपनीला सबंध कळे. आणि एक दिवस बाजाराच्या मालकाने त्याच बाजारात स्वतःचं दुकान मांडलं.

कंपनीची झोळी यादीत सर्वांत वर आली. मास्तरांची इतकी खाली गेली की धाकटीचा अंगठा दुखून आला तरी सापडेना. वर यायचं तर जाहिरातीचे पैसे भरा, कंपनीच्याच गाड्यांतून माल पाठवा, आणि दुसरीकडे कुठेही याहून स्वस्त विकू नका. मास्तरांनी सगळं केलं, तरी झोळी काही वर येईना. शेवटी वैतागून त्यांनी कंपनीची एक झोळी मागवली आणि टेबलावर ठेवून टाका टाका उसवली.

"सगळं आपलंच आहे," बायको म्हणाली. "मानेची घडीसुद्धा."

"घडी कुणालाही सुचेल," मास्तर म्हणाले. त्यांना न्यायाने वागायची वाईट खोड होती.

धाकटी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवून बघत होती. तिने पुन्हा पाहिलं, टेप लावली, आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, डावा पट्टा दोन बोटं आखूड आहे! अहो, यांनी ताईचा खांदापण उचललाय!"

मास्तरांना पटकन उमगेना. मग उमगलं. बायकोच्या अंगावर बेतलेला तो पहिला पुठ्ठा त्यांनी कधी बदललाच नव्हता. इतकी वर्षं प्रत्येक झोळी त्यावरूनच कापली, प्रत्येकीचा डावा पट्टा दोन बोटं आखूड. बकलाने पट्टा लहानमोठा करता येई, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. शिंप्याच्या कामातली ही शुद्ध चूक. शिकाऊ पोराने केली असती तर मास्तरांनी त्याला हाकललं असतं. आणि कंपनीने माल उसवून, मोजून, चुकीसकट हजारोंनी शिवून घेतला होता.

बाजारात थोराने धाकट्याचा गळा धरू नये म्हणून सरकारने एक आयोग नेमलेला असतो. कंपनीविरुद्ध तिथे तपास चालूच होता. खेळणीवाले, भांडीवाले, दिवे बनवणारे असे बरेच विक्रेते आधी तावातावाने पुढे आले आणि मग एकेक करून मूग गिळून बसले. का बसले हे सांगायला नको. ज्याच्या बाजारात पोट भरतं त्याच्याविरुद्ध बोलायचं, आणि उद्या पुन्हा त्याच्याच बाजारात दुकान लावायचं? तपास करणारी अधिकारी बाई तरुण होती, हुशार होती, आणि थकलेली होती. दोन्ही झोळ्या घेऊन आलेल्या मास्तरांना तिने समोर बसवून सगळं नीट सांगितलं.

"तुमचं नाव आम्ही झाकू शकतो. विक्रेता क्रमांक अमुक, एवढंच कंपनीला दिसेल. पण मग पट्ट्याचं सांगता येणार नाही. ते सांगितलं की तुम्ही कोण हे त्यांना लगेच कळणार. दोन बोटं आखूड पट्टा लावणारा या बाजारात दुसरा कुणी आहे का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"बाकी पुरावा सगळा आकड्यांचा आहे. आकड्यांवर त्यांचे वकील वर्षानुवर्षं खेळतील. हा एकच पुरावा असा आहे की तो कुणालाही दिसतो. पण जबरदस्ती नाही. घरी जा, विचार करा, घरच्यांना विचारा."

मास्तर घरी गेलेच नाहीत. त्याच खुर्चीत बसून त्यांनी पट्ट्याची हकीकत नावानिशी लिहून दिली आणि सही केली. का केली, असं पुढे त्यांना अनेकांनी विचारलं. त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, "माझं ते माझं म्हणून सांगायला भ्यायचं कशाला?" ऐकायला छान वाटतं. पण त्या सहीखाली ती लांबट खोली होती, तीन माणसांची रोजी होती, आणि आणखी एक गोष्ट होती जी मुळात त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या घरी आल्यावर ध्यानात आली.

"म्हणजे माझ्या खांद्याबद्दल लिहून दिलंत," बायको म्हणाली.

"अगं, पुरावा आहे तो."

"माझं अंग आहे ते. मला विचारायचं होतंत."

ती भांडली असती तर मास्तरांनी सहन केलं असतं. ती भांडली नाही. ताटं मांडली, वाढलं, आणि स्वतः न जेवता आत जाऊन पडली. तेव्हापासून त्या दोघांमध्ये एक फट पडली, आणि टाका घालून ती सांधण्याचा हुन्नर मास्तरांपाशी नव्हता.

कंपनीने सूड घेतला असं कुणी म्हणू शकलं नाही. फक्त काही आठवड्यांनी मास्तरांचं दुकान 'तात्पुरतं' बंद झालं. बाळांच्या वस्तूंसाठी सुरक्षिततेच्या नव्या चाचणीची कागदपत्रं हवीत म्हणे. मास्तरांनी ती मिळवून पाठवली. उत्तर आलं, नमुना जुना आहे. नवा नमुना पाठवला. उत्तर आलं, तपासणी चालू आहे. उत्तरं लिहिणारा माणूस होता की यंत्र हे शेवटपर्यंत कळलं नाही. धाकटी त्याला रोज शिव्या घाली आणि तो रोज 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत' असं लिही.

सुनावणीच्या दिवशी बायको आली. मास्तरांना आशा नव्हती, पण ती आली, गादी शिवलेला करड्या रंगाचा चांगला पोशाख घालून. दालन थंडगार होतं. एका बाजूला आयोगाची दोन माणसं, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या वकिलांची रांग, प्रत्येकापुढे पाण्याची वेगळी बाटली. सकाळभर तर कंपनी बलाढ्य आहे की नाही यावरच खल चालला. कंपनीचं म्हणणं, आम्ही कसले मोठे? कोपऱ्यावरचं दुकानही आमचा प्रतिस्पर्धी, आठवड्याचा बाजारही प्रतिस्पर्धी, आणि विक्रेत्याला आमच्याकडे नको असेल तर त्याने खुशाल दुसरीकडे जावं. मास्तर ऐकत राहिले. 'दुसरीकडे' म्हणजे कुठे, हे मात्र त्या रांगेतल्या कुणीही सांगितलं नाही.

दुपारी बायकोला बोलावलं. वकील फार अदबीने बोलत होता.

"ताई, जगात बहुतेकांचे खांदे थोडे वरखाली असतात, बरोबर?"

"असतील. मी बघायला गेले नाही."

"मग आमच्या कारागिरांनी सर्वसाधारण माणसाच्या मापावरून पट्टा ठरवला असेल, असंही होऊ शकतं ना?"

"सर्वसाधारण माणूस झाडावरून पडतो का?"

आयोगाचा एकजण हसला. वकीलही हसला. मग त्याच अदबीने म्हणाला की सदर खांदा प्रत्यक्ष मोजल्याशिवाय हे विधान ग्राह्य धरता येणार नाही. 'सदर खांदा' हे त्याचे शब्द. आयोगाने तज्ज्ञ बोलावलेला होताच. शेजारची लहान खोली दिली. बायको आत गेली, गादी काढलेला पोशाख घालून बाहेर आली, आणि पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तज्ज्ञाने मापं घेतली, मोठ्याने सांगितली, कुणीतरी टाइप केली, समोरच्या पडद्यावर ती उमटली. तिची नजर कुठेतरी समोर, कुणाकडेच नाही. लेक झाली तेव्हा खिडकीपाशी मास्तरांनीच तिचं माप घेतलं होतं, आणि आज सगळी खोली तिच्याकडे बघत असताना त्यांनाच मान वर करवत नव्हती. मास्तर जमिनीवरच्या फरशा बघत बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

माप जुळलं. पुठ्ठ्याचा नमुना पुरावा म्हणून जमा झाला. अधिकारी बाई बाहेर येऊन बायकोचा हात धरून म्हणाली, "तुमच्यामुळे प्रकरण उभं राहिलं." बायको म्हणाली, "घरी जायचंय मला."

त्यानंतर काय झालं? काहीच झालं नाही, हेच झालं. तारीख पडे आणि पुढे जाई. मधेच कंपनीने वरच्या न्यायालयात जाऊन तपासच थांबवून आणला, तो पुन्हा सुरू व्हायला एक हिवाळा गेला. अधिकारी बाईची बदली झाली, तिच्या जागी दुसरा आला, त्याच्या जागी तिसरी. प्रत्येकाला मास्तरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. इकडे जुन्या पेठेतल्या दुकानांकडे ते पुन्हा गेले, तर निम्मी बंद, आणि उरलेल्यांत कंपनीचीच झोळी टांगलेली. मशीनं एकेक करून गेली. पैलवान न्यायला चार माणसं आली आणि जिन्यात अडकली, तेव्हा चष्मेवाला खालून सूचना देत होता आणि मास्तर वर दरवाजाआड उभे होते. धाकटीला कंपनीच्या गोदामात माल बांधायचं काम मिळालं. तिने ते सांगताना मान खाली घातली होती. मास्तर म्हणाले, "अगं, काम आहे ते, चोरी नाही." खोली सुटली. मास्तर घराच्या ओट्यावर बसून पॅन्ट आखूड करून देऊ लागले. लोक माप सांगत, ते कापत. बोलणं कमी झालं, ओरडणं तर बंदच.

आणि मग एका सकाळी फोन आला. तिसऱ्या अधिकारी बाईचा.

"मास्तर, जिंकलो!"

मास्तरांच्या हातात कुणाची तरी अर्धी उसवलेली पॅन्ट होती. "म्हणजे काय झालं?"

तिने उत्साहाने सांगितलं. कंपनी बलाढ्य आहे हे सिद्ध झालं. विक्रेत्यांची माहिती वापरून त्यांच्याविरुद्धच दुकान मांडलं हे सिद्ध झालं. मोठा दंड झाला. मास्तरांचं दुकान पुन्हा उघडायचा आदेश झाला.

"दंड कुणाला जातो?"

"सरकारी तिजोरीत. पण कंपनी अपिलात गेली आहे, त्यामुळे तूर्त त्याला स्थगिती आहे. नुकसानभरपाईसाठी तुम्हाला वेगळा दावा करावा लागेल. आता तो करणं सोपं जाईल."

"आणि त्यांची झोळी?"

"ती विकायला बंदी नाही. नक्कल हा आमच्या कायद्याचा विषय नाही, मास्तर. माहितीचा गैरवापर हा आहे. पण तत्त्व प्रस्थापित झालं. पुढच्या विक्रेत्यांना याचा फार उपयोग होईल."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. पुढच्यांचं भलं व्हावं असं त्यांना खरंच वाटत होतं. आपलं काही उरलेलं नाही हेही त्याच क्षणी कळलं, आणि फोन ठेवल्यावर ते बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. दोरा काही जाईना.

आदेशाप्रमाणे दुकान उघडलं. धाकटी कामावर होती, म्हणून बायकोने मोबाइल हातात घेतला. सगळं होतं तसंच होतं, झोळीचे जुने फोटो, जुनी किंमत. आठवडाही झाला नसेल, एक मागणी आली. सोबत निरोप होता. 'किती शोधलं तुम्हाला! पहिला मुलगा तुमच्याच झोळीत वाढला. दुसरं बाळ आलंय. लवकर पाठवाल ना?'

बायकोने तो दोनदा वाचून दाखवला. मास्तरांचा चेहरा उजळला, आणि तसाच विझला.

"हाताने शिवू का एक?" ते म्हणाले.

"बाळाचा भार घ्यायचाय. हातच्या टाक्यावर?"

"नाही," मास्तर म्हणाले. "हातच्या टाक्यावर नाही." जाड पट्टा घेणारं मशीन आता गावात एकाच कारखान्यात होतं आणि तो कारखाना कंपनीचा माल शिवत असे. बकलं गाडीभर घेतल्याशिवाय मिळत नव्हती. पुठ्ठा आयोगाच्या कपाटात होता, अपिलाचा निकाल लागेपर्यंत परत मिळणार नव्हता. अशा दुकानात मागण्या येत राहणार आणि मास्तर बाळंतिणींना ताटकळत ठेवणार, हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

"लिही तिला," ते म्हणाले. "म्हणावं, आम्ही आता बनवत नाही. कंपनीची घ्या. चांगली आहे."

बायकोने मान वर केली. कित्येक महिन्यांत तिने त्यांच्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. "खरंच लिहू?"

"मग काय लिहिणार? तिला बाळ उचलायचंय. आपल्या खटल्याशी तिला काय करायचंय?"

तिने लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. 'आभारी आहे. मागवली. तुमच्यासारखे प्रामाणिक विक्रेते हल्ली मिळत नाहीत.' बायकोने तेही वाचून दाखवलं.

"आता बंद करून टाक," ते म्हणाले.

तिने शोधून शोधून ती जागा काढली. दुकान कायमचं बंद करायचं आहे का, असं विचारलं होतं. तिने हो म्हटलं. मग कारण विचारलं, आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येईना. ती चष्मा नाकावर सरकवून एकेक वाचू लागली.

"विक्री समाधानकारक नाही."

"हं."

"दुसऱ्या ठिकाणी विक्री सुरू केली. माल उपलब्ध नाही. वैयक्तिक कारण." तिने यादी आणखी सरकवून पाहिली. "बस, एवढीच आहेत. यातलं कुठलं?"

मास्तरांनी ओट्यावरून रस्त्याकडे पाहिलं. कंपनीची गाडी शेजाऱ्याच्या दारात उभी होती आणि पोऱ्या हातात खोकं घेऊन बेल वाजवत होता.

"वैयक्तिक," ते म्हणाले.

बायकोने ते दाबलं.